एका वाक्यात तीन जिल्हे

आमचे शिवलिंगप्पा टीव्हीवरची विनोदी मालिका बघताना हसत नाहीत, चुका काढतात. संध्याकाळचे सात वाजले की ते दुकानातली खुर्ची पुढं ओढतात, चष्मा कपाळावरून नाकावर घेतात, कानामागची पेन्सिल काढतात आणि भांड्याच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा मांडीवर ठेवतात. आजूबाजूची माणसं पोट धरून हसत असतात आणि अप्पा पुठ्ठ्यावर लिहीत असतात.

मालिकेत एक नागोराव आहे. डोक्याला पांढरी टोपी, पुण्यातल्या कुठल्याशा मोठ्या घरात कामाला असतो आणि तो लातूरचा आहे, असं मालिकेवाल्यांचं म्हणणं. दर पाच मिनिटांनी तो पडतो. कधी केळाच्या सालीवरून, कधी मालकिणीच्या योगासनाच्या चटईवरून. एकदा तर नुसता उभा होता, तिथंच पडला. पडला की मागं ढोल वाजतो आणि तो उठत म्हणतो, "म्या लई थकून राहिलो रे भावा."

हे वाक्य पहिल्यांदा कानावर पडलं त्या दिवशी अप्पांनी टीव्हीला हात करून थांब म्हटलं. तो काही थांबला नाही. मग ते माझ्याकडं वळले.

"ऐकलास का नारायणा? एका वाक्यात तीन जिल्हे फिरून आला. 'म्या' सोलापूरच्या अंगाचं, 'थकून राहिलो' तुज्या किनवटाकडचं, आन् 'भावा' कोल्हापूरचं. मंग ह्यात लातूरचं काय हाय? निस्ती टोपी. आन् ती टोपी तरी लातुरात आता कोण घालतंय?"

नारायणा म्हणजे मी. लातुरात गोलाई चौकाजवळच्या एका गल्लीत अप्पांचं भांड्याचं दुकान आहे, तिथं मी भांड्यांवर नावं टाकतो. हातात मशीन, समोर तांब्या, आणि 'सौ. कां.' लिहिताना वर टिंब द्यायचं की नाही ही कायमची धास्ती. गाव माझं इस्लापूर, किनवट तालुक्यातलं. शाळा आठवीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, तिची काही तक्रार नव्हती. सोळाव्या वर्षी लातूरला आलो, त्याला आता बावीस वर्षं झाली. एवढं लांबलचक लिहायची ही माझी पहिलीच वेळ. हाताखाली स्टील नसून कागद आहे, एवढाच काय तो धीर.

दुकानातल्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. एका गिऱ्हाइकानं विचारलं, काय चाललंय? मी म्हणालो, "नाव टाकून राहिलो." झालं. दुकानातली सगळी माणसं हसायला लागली. लातूरचे लोक 'करलालाव' म्हणतात, आमच्याकडं 'करून राहिलो' म्हणतात, आणि प्रत्येकाला वाटतं आपलं सरळ, दुसऱ्याचं वाकडं. शिवाय माझा आवाज मोठा. सहस्रकुंडाचा धबधबा जवळ असला की पावसाळ्यात माणसाला ओरडूनच बोलायची सवय लागते. माझे कान लाल झाले. तेवढ्यात अप्पा म्हणाले, "हासायला काय झालं? तुमाला घाम येतो, त्याच्याकडं येऊन राहतो. घाम त्योच हाय." गिऱ्हाईक आपलं भांडं उचलून निघालं. त्या दिवसापासून मी या माणसाचा मिंधा आहे, आणि मला ते बरं वाटतं.

भाषेच्या बाबतीत अप्पांचं असंच होतं. एकदा मी एका पितळी घागरीवर 'कै. वैजिनाथ' असं नाव टाकलं. न्यायला आलेला मुलगा शिकलेला होता, तो भडकला. "वैजनाथ हवं होतं. 'ज'ला वेलांटी कोणी दिली?" मी पार गळून गेलो. स्टीलवर खोडरबर चालत नाही आणि पितळेवरही चालत नाही. अप्पांनी त्याला शांतपणे विचारलं, "तुमच्या वडलाला तुमची आई काय म्हणून हाक मारत हुती?" तो म्हणाला, "आई नाव कशाला घेईल? अहो म्हणायची." अप्पा म्हणाले, "आन् आज्जी?" त्यानं वेलांटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "वैजिनाथा." आणि घागर घेऊन गेला.

असा हा माणूस रोज सातला ती मालिका बघायचा. मूळचे उदगीरचे, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, पूजा झाल्याशिवाय दुकानाचं शटर वर करणार नाहीत, आणि संध्याकाळी हे.

मालिकेच्या वेळेला आमच्या दुकानाचे दोन भाग पडत. आतल्या बाकावर कुलकर्णी सर. निवृत्त झालेले, जन्मभर मराठी शिकवलेले, अप्पांचे चाळीस वर्षांचे दोस्त. आणि बाहेर पायरीवर बाकीचे सगळे, त्यांत पुढं गंगाबाई. गंगाबाई गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात आया आहेत. ड्युटी संपली की घरी जाताना अर्धा तास आमच्या पायरीवर बसतात, पिशवी मांडीवर घेऊन. नागोराव पडला की त्या पिशवीसकट हलतात.

सरांना हे सहन होत नसे. "थिल्लर. अहो, आपल्या मराठवाड्याची टिंगल आहे ही. आपणच दात काढून बघतो."

पायरीवरून गंगाबाई म्हणत, "सर, तुमी डोळे मिटून घ्या की."

"डोळे मिटून काय होतं? कान आहेत ना. अभिरुची म्हणून काही असते, गंगाबाई."

"ती काय आसती?"

सर सांगायला लागत. नर्म विनोद, मार्मिक विनोद, शब्दांतला विनोद. माणूस न पडताही हसू आलं पाहिजे, वगैरे. एकदा गंगाबाईंनी ते सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमचं बरोबर आसंल सर. पर माजं आसं हाय की, दिवसभर तिकडं कुणीबी पडलं की मला पळावं लागतं. म्हातारं पडलं, पळ. बाई चक्कर येऊन पडली, पळ. ह्यो एकटाच आसा हाय की ह्यो पडला तर मला उठायचं काम न्हाई. म्हणून हासू येतंय."

सर बाकावरून उठले. त्या दिवशी ते थोडे लवकर घरी गेले.

मी कुठल्या बाजूचा, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. पहिल्या दिवशी मी पायरीवाल्यांसारखा खदखदून हसलो होतो. मग आईचा फोन आला. आई म्हणाली, "काय करून राहिला रे बाबू?" आणि मला नागोरावच आठवला. त्याच्यावर आपण हसलो आणि आई तर तशीच बोलते, या विचारानं मला बाकावर सरकावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी तो पडला आणि पुन्हा हसू आलं. तेव्हा मी बसायचो मशीनपाशी, म्हणजे मधोमध.

आणि अप्पा? सर त्यांना विचारत, "अप्पा, एवढा राग येतो तर बघता कशाला?"

अप्पांचं उत्तर ठरलेलं. "पाळत ठिवलालाव."

पुठ्ठ्यावरच्या चुका ते महिन्यातून एकदा स्वच्छ अक्षरात उतरवून काढत आणि वाहिनीला पाठवत. 'आपला नागोराव लातूरचा असेल तर त्याने भावा म्हणू नये, गड्या म्हणावे. कामून (म्हणजे का) हा शब्द त्याला शिकवावा, कोणत्याही वाक्याच्या आधी लावला तरी चालतो.' सात-आठ पत्रं गेली असतील. शेवटी एक उत्तर आलं. चकचकीत रंगीत कागद, त्यावर सगळे नट दात काढून उभे, आणि खाली छापलेलं: 'तुमच्या प्रेमाबद्दल आभारी आहोत. असेच हसत राहा.' अप्पांनी तो कागद उलटसुलट करून बघितला. "मी हासलो कधी?" एवढंच म्हणाले.

पण खरी गोष्ट पाळतीची नव्हती, आणि ती दुकानात सगळ्यांना माहीत होती. साडेसातला मालिका संपली की अप्पांचा फोन वाजायचा. पुण्याहून. त्यांची नात, ईश्वरी, नऊ वर्षांची. अप्पांची पत्नी जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी सुनंदा एकुलती एक, ती पुण्यात. जावईबापू इंजिनियर, नांदेडजवळच्या विष्णुपुरीला शिकले, स्वभावानं चांगले. पण त्यांच्या घरात ही मालिका लावायला बंदी. मुलांवर वाईट संस्कार होतात म्हणून. शाळेत मात्र सगळ्या मुली नागोरावबद्दल बोलायच्या आणि ईश्वरी वेड्यासारखी बघत राहायची. तेव्हा रोज साडेसातला सुनंदाच्या फोनवरून ती अज्जाला विचारायची, आज काय झालं? आणि अप्पा सांगायचे.

ते सांगणं तुम्ही ऐकायला हवं होतं. जो माणूस अर्धा तास कपाळाला आठ्या घालून बसला होता, तो फोन कानाला लावून उभा राहायचा. "आगं काय सांगू माय, ती मालकीण चटई आथरून एका पायावर हुबी. आन् ह्यो येडं चहा घेऊन आलं. कामून आलं? कुणी बोलवलं? कुणी न्हाई. आन् दाणकन आपटलं की गं. चहा वर, कप खाली, आन् कप तेवढा फुटला न्हाई, स्टीलचा हुता, आपल्या दुकानातला आसंल." तिकडून हसण्याचा आवाज इतका यायचा की मशीनपाशी मला ऐकू यायचा. गंगाबाई तर म्हणायच्या, टीव्हीवरचा पडतो त्याच्यापेक्षा अप्पांचा जोरात पडतो.

दिवसभरात त्यांना दुसरा फोन नसे. म्हणून सातची मालिका चुकली की अप्पांचा दिवसच चुकायचा. एकदा सोयरिकीतलं लग्न होतं निलंग्याला, मुहूर्त संध्याकाळचा. अक्षता टाकायच्या सोडून अप्पा कार्यालयाच्या मागच्या खोलीत, आचाऱ्याच्या मोबाइलवर मालिका बघत बसलेले सापडले.

यंदाच्या पावसाळ्यात ते बिघडलं. ईश्वरीच्या शाळेत बाईंनी विचारलं, गृहपाठ का केला नाही? ती उभी राहून म्हणाली, "कामून म्हणजे, लई कंटाळा आला हुता." वर्ग हसला. बाईंनी वहीत शेरा लिहून पालकांना बोलावलं. त्या रात्री जावईबापूंचा अप्पांना फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी मला शब्द न् शब्द सांगितला, कारण त्यांना तो सगळा पाठ झाला होता. वाईट वाटून घेऊ नका अप्पा, तुमचा अनादर नाही, पण स्पर्धेचे दिवस आहेत, तिच्याशी जरा शुद्ध बोलत जा. आणि अज्जा नको, आजोबा म्हणू द्या.

"मंग तुमी काय म्हणलाव?" मी विचारलं. बावीस वर्षांत मीही लातूरचा झालो होतो.

"हाव म्हणलो. मंग ध्यानात आलं. मंग होय म्हणलो."

त्या दिवशी अप्पांनी बाकावर सरांच्या शेजारी जाऊन बसून विचारलं, "सर, मला शुद्ध शिकवता का?"

सरांना आधी थट्टा वाटली. मग इतका आनंद झाला की ते घरून फळा घेऊन आले. आठ दिवस आमच्या दुकानात शाळा भरली. मी आहे. तू आहेस. तो आहे. पाणी. लोणी. आणि. अप्पा मोठ्या हंड्यासमोर उभे राहून त्यात आपलं तोंड बघत म्हणायचे, "मी जेवत आहे." हंड्यात तोंड गाडग्याएवढं दिसायचं. गिऱ्हाईक आत यायचं आणि अप्पा म्हणायचे, "या, बसा. आपणांस काय पाहिजे आहे?" जुनी गिऱ्हाइकं घाबरायची. चाकूरकडची एक म्हातारी कळशी घ्यायला आलेली, ती हळूच मला म्हणाली, "मालकाला बरं न्हाई का?"

गंगाबाईंना हे पसंत नव्हतं. "सर, आवो त्यास्नी कामून तरास देता? पोरीला आज्जा पाहिजे का मास्तर?"

"गंगाबाई, भाषा सुधारली म्हणून माणूस बदलत नाही," सर म्हणाले. ते मनापासून बोलत होते.

नवव्या दिवशी साडेसातला अप्पांनी शुद्ध फोन केला. मी मशीन बंद केलं.

"ईश्वरी, तू कशी आहेस? तुझा अभ्यास कसा चालू आहे?"

तिकडून काहीतरी.

"छान. आज मालिकेमध्ये नागोराव पाय घसरून जमिनीवर पडला." थांबले. "होय. पडला." पुन्हा थांबले. "नंतर तो उठला."

एका मिनिटात फोन संपला. अप्पांनी तो हळूच मांडीवर ठेवला.

सर म्हणाले, "अप्पा, व्याकरण अगदी बरोबर होतं."

"व्हय सर. पोरगी हासली न्हाई."

त्यानंतर फोन दिवसाआड झाला. मग रविवारी. पोरगी नीट बोलायची. मी बरी आहे आजोबा, अभ्यास चालू आहे आजोबा, आईला देते. सुनंदाताई बिचाऱ्या म्हणायच्या, तिचा क्लास असतो हो अप्पा. असेलही. जावईबापूंचं काही चुकलं असंही मला म्हणता येत नाही. माझ्या बोलण्यावर माणसांना हसताना मी स्वतः बघितलंय, आपल्या लेकराला ते नको असं बापाला वाटणारच. फक्त अप्पा सातला खुर्ची ओढायचे, मालिका बघायचे, आणि पुठ्ठा मांडीवर नसायचा. नागोराव पाचवा जिल्हा फिरून आला तरी ते काही म्हणायचे नाहीत. सरांनीही मालिकेला नावं ठेवणं सोडलं. एकदा सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "नारायण, माझं काही चुकलं का रे?" एवढा शिकलेला माणूस, आठवी सोडलेल्याला विचारत होता. मी म्हणालो, नाही सर. दुसरं काय म्हणणार?

परवा मंगळवारी मालिका नुकतीच संपली होती आणि जाहिराती लागल्या होत्या. मी एका डब्यावर नाव टाकत होतो. गंगाबाई पायरीवरून उठायच्या बेतात होत्या. अप्पांचा फोन वाजला. वार मंगळवार, म्हणून त्यांनी आधी नंबर बघितला, मग मला दाखवला, आणि मग घाईनं कानाला लावला. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, आवाज मोठा करून ठेवतात, त्यामुळे पलीकडचं मला सगळं ऐकू येत होतं. पोरगी कुजबुजत होती.

"अज्जा, मी गॅलरीतून बोलतेय. आई स्वयंपाक करतेय."

अप्पा उभे राहिले. "बोल."

"मी ना, खालच्या अनुष्काकडे बघितली आज. तुम्ही बघितलीत का?"

अप्पांनी समोर बघितलं. टीव्ही चालूच होता. सात ते साडेसात त्यांनी डोळा हलवला नव्हता.

"न्हाई गं माय," अप्पा म्हणाले. "आमच्याकडं लाइट गेली. काय झालं? सांग की."

"सांगू? अज्जा, नागोराव ना, शिडीवर चढून राहिला होता. म्हणतो कसा, मला लई भ्या वाटतं रे भावा. आणि मग ती मालकीण... अज्जा, तुम्ही ऐकताय ना?"

"ऐकलालाव. मंग?"

"मग खालून मांजर आली. कामून आली, कुणी बोलवलं?" ती स्वतःच हसायला लागली, तोंडावर हात धरून हसल्यासारखी. "आणि अज्जा, थांबा. तुमच्याकडे कसला आवाज येतोय? साबणाची जाहिरात लागलीय ना? लाइट गेली म्हणालात."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. फोन कानाला, आणि चेहरा असा की वहीत शेरा मिळालेल्या पोराचा असतो.

मी उठलो आणि मीटरपाशी जाऊन मेन बंद केला. टीव्ही गेला, पंखा गेला, दुकानातले सगळे दिवे गेले. फळ्यांवरचे हंडे, डबे, ताटं एकदम दिसेनाशी झाली. बाहेरच्या गल्लीत झगझगीत उजेड होता.

पायरीवरून गंगाबाई म्हणाल्या, "काय झालं वो?"

"लाइट गेली," मी म्हणालो.

"शेजाऱ्याची तर हाय की."

"आमचीच गेली. बसा जरा."

त्या पिशवी मांडीवर घेऊन पुन्हा बसल्या. आत बाकावरून सरांच्या खाकरण्याचा आवाज आला, तेही जागचे उठले नाहीत. आणि अंधारातून अप्पा विचारत होते, "गेला आवाज? हां. मंग? मांजर आली, मंग?"